पोलीस ठाण्यात मारहाण झाली, अटक दाखवली नाही: मानवी हक्क आयोगाकडे जाऊन नेमकं काय मिळतं?

तुमच्या धाकट्या भावाला पोलिसांनी चोरीच्या संशयावरून घरातून उचललं, दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवलं, पट्ट्याने मारलं आणि अटक न दाखवता सोडून दिलं. याला चार महिने झाले. तुम्ही विचारता की मानवी हक्क आयोगाकडे जावं का, जायचं तर दिल्लीच्या राष्ट्रीय की मुंबईच्या राज्य आयोगाकडे, लोकायुक्तांकडेही अर्ज करावा का, आणि गावातले लोक म्हणतात तसं आयोगाला खरोखर काही अधिकारच नाहीत का.

आयोगाकडे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आयोग त्या अधिकाऱ्याला तुरुंगात पाठवेल, या अपेक्षेने जाऊ नका. तो अधिकार कायद्याने आयोगाला दिलेलाच नाही. आयोगाकडून मिळवायचं ते वेगळंच आहे. अटक दाखवली नाही, म्हणजे सरकारी कागदांनुसार तुमचा भाऊ त्या दोन रात्री ठाण्यात नव्हताच. ही कोरी जागा हाच पोलिसांचा सगळ्यात मोठा बचाव असतो. आयोगाची नोटीस गेली की पोलीस अधीक्षकांना त्या दोन रात्रींबद्दल सही-शिक्क्यानिशी काहीतरी लिहावं लागतं, आणि एकदा लिहिलं की ते बदलता येत नाही. मी बरीच वर्षं अशी प्रकरणं चालवते आहे. ज्यांत शेवटी कुटुंबाच्या हाती काही लागलं, त्यांतल्या बहुतेकांत आयोगापुढे जमा झालेले कागदच पुढे न्यायालयात कामाला आले.

सगळ्यात आधी तारीख बघा. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ च्या कलम ३६(२) नुसार घटना घडल्यापासून एक वर्ष उलटलं की आयोगाला चौकशीच करता येत नाही, मग तो आयोग दिल्लीचा असो वा राज्याचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये एन. सी. धौंडियाल यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे की ही मुदत आयोगाच्या इच्छेवर नाही, ती त्याच्या अधिकाराचीच सीमा आहे. पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून ‘चौकशी चालू आहे’ असं ऐकत बसलेल्या माणसाचं वर्ष कधी संपतं ते त्यालाही कळत नाही. तुमच्याकडे आठ महिने आहेत, पण महिनाभराच्या आत अर्ज जायला हवा. त्याचं कारण सीसीटीव्ही.

परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, प्रवेशद्वारावर कॅमेरे बसवायला सांगितलं आणि चित्रीकरण १८ महिने जपून ठेवायला सांगितलं. तेवढी साठवण मिळत नसेल तर जास्तीत जास्त काळाची घ्यावी, पण एक वर्षापेक्षा कमी चालणार नाही, असंही म्हटलं. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोडे लोक वापरतात: ठाण्यात बळाचा वापर होऊन गंभीर दुखापत किंवा मृत्यू झाल्याची तक्रार आली, तर राज्य मानवी हक्क आयोगाने त्या घटनेचं चित्रीकरण लगेच मागवून सुरक्षित ठेवावं. म्हणून तुमच्या अर्जातली पहिली मागणी नुकसानभरपाईची नसावी. ‘अमुक तारखेच्या रात्री अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंतचं, प्रवेशद्वार, ठाणे अंमलदारांची खोली आणि लॉकअपसमोरचं चित्रीकरण ताबडतोब मागवावं’ ही असावी. त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांनाही ते जपून ठेवण्याबद्दल लेखी कळवा आणि पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्जही टाका. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी, असं त्या कायद्याच्या कलम ७(१) मध्ये आहे. फुटेज देणार नाहीत, असं बहुधा उत्तर येईल. तरीही चालेल. कॅमेरा बंद होता की चालू होता, याबद्दल जे काही लिहून येईल ते आपल्या कामाचं आहे.

आता दिल्ली की मुंबई. माणसं घाबरून एकाच दिवशी सगळीकडे अर्ज पाठवतात: राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग, अनुसूचित जाती आयोग, मुख्यमंत्री, राष्ट्रपती. त्यांची तळमळ मला समजते, पण कायद्यात याचा थेट तोटा आहे. कलम ३६(१) सांगतं की राज्य आयोगापुढे किंवा कायद्याने स्थापन झालेल्या दुसऱ्या आयोगापुढे प्रकरण प्रलंबित असेल, तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालणार नाही. उलट बाजूनेही तसंच: राष्ट्रीय आयोगाने चौकशी सुरू केली असेल तर राज्य आयोग ती करत नाही. दोन्हीकडे पाठवलेला अर्ज दोन्हीकडून निकाली निघालेला मी पाहिला आहे. एकच जागा निवडा. तुमच्या प्रकरणात मी राज्य आयोग निवडेन. त्याचं कार्यालय मुंबईत सीएसएमटीसमोर आहे, मराठीत काम चालतं, आणि मुख्य म्हणजे तिथे समोरासमोर सुनावणी होते, पोलीस अधिकाऱ्याला तारखेला उभं राहावं लागतं. दिल्लीतलं काम बरंचसं कागदावर चालतं, आणि राष्ट्रीय आयोग असं प्रकरण कलम १३(६) खाली राज्य आयोगाकडे पाठवूही शकतो. मात्र राज्य आयोगाचं अध्यक्षपद आणि सदस्यपदं रिकामी राहण्याचे प्रसंग महाराष्ट्रात आले आहेत. अर्ज टाकण्यापूर्वी सुनावण्या चालू आहेत का, याची चौकशी करा. नसतील तर दिल्ली.

कोठडीत मृत्यू झाला असता तर मी वेगळा सल्ला दिला असता. १४ डिसेंबर १९९३ च्या सूचनेनुसार प्रत्येक कोठडी मृत्यू २४ तासांत राष्ट्रीय आयोगाला कळवावा लागतो. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करण्याची सूचनाही १९९५ मध्ये आयोगानेच राज्यांना केली. दंडाधिकाऱ्यांची चौकशी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १९६ खाली होते. अशा वेळी मी कुटुंबाला आधी उच्च न्यायालयाचं दार ठोठवायला सांगते. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत असलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, राज्य मानवी हक्क आयोगाने त्या अहवालाची दखल घेतली, तरीही गुन्हा नोंदला गेला तो मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये आदेश दिल्यावर. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही तो आदेश कायम राहिला.

लोकायुक्तांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात लोकायुक्त १९७१ च्या कायद्याने आले, आणि ती जागा मुख्यतः गैरकारभार आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांसाठी आहे. भावाला सोडण्यासाठी पैसे घेतले असतील तर तो मुद्दा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे आणि लोकायुक्तांकडे नेता येतो. मारहाणीसाठी ती जागा नाही. पोलीस तक्रार प्राधिकरण मात्र तुमच्या उपयोगाचं आहे. प्रकाश सिंह प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ते स्थापन करायला सांगितलं, महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस कायद्यात त्याची तरतूद केली. कोठडीतली गंभीर दुखापत आणि बेकायदा अटक किंवा स्थानबद्धता हे विषय तिथे येतात. अधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई व्हावी हा तुमचा मुख्य हेतू असेल, तर ती योग्य जागा. पण आयोग आणि प्राधिकरण दोन्हीकडे एकाच वेळी जाणार असाल तर दोन्ही अर्जांत दुसऱ्याचा उल्लेख करा, लपवू नका.

अर्ज कसा लिहायचा? त्याला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत चालतो. दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. निनावी, मोघम, दिवाणी वादाचे, नोकरीच्या तक्रारींचे आणि न्यायप्रविष्ट विषयाचे अर्ज आयोग सुरुवातीलाच फेटाळतो, हे त्याच्या नियमांत लिहिलेलं आहे. म्हणून पहिल्या परिच्छेदात तारीख, वेळ, ठाण्याचं नाव, अधिकाऱ्याचं नाव किंवा हुद्दा, आणि कोणत्याही न्यायालयात वा दुसऱ्या आयोगापुढे हा विषय प्रलंबित नाही, असं सरळ वाक्य. त्यानंतर घटना, तासांच्या क्रमाने. ‘अमानुष’, ‘राक्षसी’ असे शब्द टाळा. त्याऐवजी किती वाजता, कुठल्या खोलीत, कशाने, शरीरावर कुठे, त्या वेळी खोलीत कोण कोण होतं, हे लिहा.

पुराव्याची चिंता तुम्ही पत्रात व्यक्त केली आहे. ‘आमच्याकडे काहीच नाही’ असं प्रत्येक कुटुंब सुरुवातीला म्हणतं. मग मी विचारते: त्या दोन दिवसांत ठाण्यात डबा घेऊन कोण गेलं होतं? कोणाच्या फोनवरून ठाण्यात फोन केला होता? सरपंच, पोलीस पाटील किंवा आणखी कोणी मध्यस्थी करायला गेलं होतं का? सुटल्यावर कुठल्या डॉक्टरकडे नेलं, त्याने काय लिहून दिलं, औषधाच्या दुकानाची पावती आहे का? सरकारी दवाखान्यातला केसपेपर असेल तर उत्तम. खासगी डॉक्टरचा साधा चिठोराही तारखेमुळे मोलाचा असतो. वळांचे फोटो ज्या मोबाइलवर काढले तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. पुढे न्यायालयात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र त्या फोनच्या आधारेच द्यावं लागेल. डबा नेणाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. अटक न दाखवता बसवून ठेवण्याच्या प्रकरणात ‘भाऊ तिथे होता’ हे सांगणारा माणूस मारहाणीच्या साक्षीदाराइतकाच महत्त्वाचा. राज्यघटनेचं कलम २२(२) अटक झाल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायला सांगतं. दोन रात्री सिद्ध झाल्या की बेकायदा स्थानबद्धता सिद्ध झाली, मार सिद्ध होवो वा न होवो.

यानंतरच्या टप्प्यावर बहुतेक प्रकरणं मरतात, म्हणून इथे नीट लक्ष द्या. आयोग १९९३ च्या अधिनियमाच्या कलम १७ खाली सरकारकडून किंवा पोलीस अधीक्षकांकडून अहवाल मागवतो. अधीक्षक ते उपअधीक्षकांकडे पाठवतात, आणि व्यवहारात मजकूर तयार होतो त्याच ठाण्यात. अहवाल ठरलेल्या साच्याचा असतो: सदर इसमास चौकशीकामी बोलावले होते, चौकशी करून त्याच दिवशी सोडण्यात आले, मारहाण झालेली नाही, अर्जदार पोलिसांवर दबाव आणण्यासाठी खोटे आरोप करीत आहे. त्याची प्रत आयोग तुम्हाला पाठवतो आणि ठरावीक मुदतीत तुमचं म्हणणं मागतो. कित्येक कुटुंबं ही प्रत वाचून खचतात. ‘बघा, आयोगही त्यांच्याच बाजूचा’ असं समजून उत्तरच देत नाहीत. मुदत संपते आणि ‘अर्जदाराने प्रतिसाद दिला नाही’ या एका ओळीवर प्रकरण बंद होतं. तो अहवाल आयोगाचं मत नसतो. तो समोरच्या पक्षाचा जबाब असतो, आणि आपण इतके दिवस ज्याची वाट पाहत होतो तो कागद तोच.

तो ओळ न ओळ वाचा. ‘चौकशीकामी बोलावले होते’ असं त्यांनी लिहिलं, म्हणजे भाऊ ठाण्यात होता हे मान्य झालं. मग विचारा: कुठल्या गुन्ह्यात बोलावलं? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची नोटीस कुठे आहे? स्टेशन डायरीत आल्याची आणि गेल्याची नोंद किती वाजताची आहे? जबाब नोंदवला असेल तर तो दाखवा. तुमच्या उत्तरात मुद्दे क्रमाने मांडा आणि शेवटी ठोस मागणी करा की आयोगाने कलम १३ खालचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार वापरून मूळ स्टेशन डायरी, त्या दिवसांचं ड्युटी रजिस्टर आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डर हजर करायला सांगावं आणि साक्षीदारांना समन्स काढावं. मागितल्याशिवाय हे अधिकार सहसा वापरले जात नाहीत. अधिकाऱ्याचं नाव अहवालात ठपक्यासह येणार असेल, तर त्याला कलम १६ खाली म्हणणं मांडायची संधी मिळाली की नाही हेही तुम्हीच बघा. तक्रारदाराने त्याची काळजी कशाला करायची, असं तुम्हाला वाटेल. पण ती संधी दिली नाही या एका कारणावर चांगला आदेश उच्च न्यायालयात रद्द होऊ शकतो.

आता गावातल्या लोकांच्या आक्षेपाकडे येते. आयोगाचा शेवटचा शब्द शिफारशीचा असतो हे खरं. कलम १८ खाली आयोग नुकसानभरपाई सुचवतो, खटला भरायला सुचवतो, चौकशीच्या कुठल्याही टप्प्यावर तात्पुरती मदत सुचवतो, आणि सरकारने एक महिन्यात किंवा आयोगाने वाढवून दिलेल्या मुदतीत काय केलं ते कळवायचं असतं. सरकारने टाळाटाळ केली तर आयोग स्वतः वसुली करू शकत नाही. पण त्याच कलमात आयोगाला उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा आहे, आणि आयोग गेला तेव्हा काय होतं हे मुंबईने पाहिलं आहे. वडोदऱ्यातल्या बेस्ट बेकरीत १ मार्च २००२ रोजी १४ माणसं मारली गेली. जून २००३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सर्व २१ आरोपींना सोडलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २००४ मध्ये खटला नव्याने आणि गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश झाला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने नऊ जणांना जन्मठेप दिली. त्यांतल्या चौघांची शिक्षा २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने कायम केली. आयोगाला अधिकार नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी हे प्रकरण सांगते. अधिकार आहेत. ते वापरण्याची इच्छा तिथे बसलेल्या माणसांत आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आणि ती इच्छा नसते तेव्हाचं उदाहरणही सांगायला हवं. पंजाबमध्ये पोलिसांनीच मारल्याचा आरोप असलेल्या माणसांवर त्यांनी बेवारस म्हणून केलेल्या अंत्यसंस्कारांची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये राष्ट्रीय आयोगाकडे सोपवली. सीबीआयने एकट्या अमृतसर परिसरात असे २,०९७ अंत्यसंस्कार नोंदवले होते. एक वर्षाची मुदतही इथे लागू नाही, कारण आयोग न्यायालयाच्या वतीने काम करतो आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं. इतका मोकळा हात असूनही आयोगाने स्वतःला त्या परिसरातल्या स्मशानांपुरतं मर्यादित केलं, कुटुंबांना पैसे देण्याची शिफारस केली, पण ती माणसं कोणी मारली हे ठरवलं नाही. म्हणून मी अर्जात नेहमी लिहायला लावते: नुकसानभरपाई आणि त्यासोबत दोषी व्यक्तींवर खटला भरण्याची शिफारस. पहिलीवर थांबू नका. आयोगाचा तपास विभाग पोलीस अधिकाऱ्यांच्याच हातात असणं, ही याच्या मुळाशी असलेली अडचण आहे. जगभरातल्या मानवी हक्क संस्थांच्या महासंघाने २०२३ आणि २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रीय आयोगाचं पुनर्मानांकन लांबणीवर टाकलं, त्यामागच्या कारणांत हेही होतं.

शिफारस मिळाली आणि सरकार ती दाबून बसलं, तर तुमच्या हातात काय? कलम १८ नुसार चौकशी अहवालाची प्रत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती घेऊन उच्च न्यायालयात रिट याचिका करा. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ५ फेब्रुवारी २०२१ रोजी असा निर्णय दिला की आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक आहेत, त्या नुसत्या सल्ल्यासारख्या नाहीत. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा मोठा आधार मिळतो. नुकसानभरपाईसाठी १९९३ चा नीलाबती बेहेरा निर्णय आहेच. ओडिशातल्या त्या आईने सर्वोच्च न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं होतं. तिच्या २२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेरुळांवर सापडला. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं आणि राज्याला दीड लाख रुपये द्यायला लावले. कोठडीतल्या अत्याचाराची भरपाई थेट राज्याकडून मागता येते, हे तेव्हापासून पक्कं झालं.

गुन्हा नोंदवण्याची वाट वेगळी आहे आणि ती आयोगासाठी थांबवू नका. पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार आजच द्या. गुन्हा नोंदला नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली जाता येतं. नव्या संहितेत एक अडसर आहे: लोकसेवकाविरुद्ध कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याची तक्रार असेल तर कलम १७५(४) नुसार दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचं म्हणणं बघतात. कबुली काढण्यासाठी मारणं हे कर्तव्यात येतच नाही, असा युक्तिवाद करावा लागेल, आणि तिथे वकील हवाच. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. फक्त क्रम सांभाळा: न्यायालयात प्रकरण दाखल झालं की ते न्यायप्रविष्ट आहे, असं म्हणून आयोग अनेकदा हात काढून घेतो. म्हणून आधी आयोगाचा अर्ज आणि पोलिसांचा अहवाल हाती, मग न्यायालय. जखम गंभीर असेल किंवा धमक्या येत असतील तर हा क्रम सोडून थेट न्यायालयात जा.

धमक्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या येतात. अर्ज गेल्यावर एखादा ओळखीचा माणूस घरी येईल, मिटवून टाका म्हणेल, किंवा सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा भावावर दाखल करू असं सुचवेल. प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, नाव त्याच रात्री वहीत लिहा आणि प्रकरण क्रमांक टाकून आयोगाला कळवा. आमच्याकडे आल्यावर कुटुंबं बहुधा शेवटी, उठता उठता एक गोष्ट सांगतात: सोडताना भावाकडून एका कागदावर ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, मला मारहाण झालेली नाही’ असं लिहून घेतलं होतं. तुमच्याकडूनही घेतलं असेल तर ते अर्जातच आधी सांगा: किती वाजता, कोणी मजकूर सांगितला, सही करताना भाऊ कुठल्या खोलीत होता, त्या वेळी घरचं कोणी जवळ होतं का. तो कागद पोलिसांनी पुढे केला तर त्यावरची तारीख आणि वेळ बघा, कारण त्या क्षणी भाऊ ठाण्यात होता हे त्यांनीच लिहून दिलेलं असतं.